थंड तव्याची परीक्षा

आधीच सांगून ठेवतो, मग बढाई म्हना न्हाईतर काय बी म्हना. मिरजंच्या येका मोठ्या दवाखान्यात मी एकवीस वर्सं रेकॉर्डाच्या खोलीत काढली, आन्‌ डॉक्टरनं मागितला आन्‌ लालासाहेबानं कागद दिला न्हाई, असं येकदा बी झालं न्हाई. येकदा बी! लालासाहेब म्हंजे मीच. साताऱ्याकडचा गडी. अठरा वर्सं पलटनीत व्हतो, हवालदार हून सुटलो. नाव सायबाचं आन्‌ नोकरी शिपायाची, पन दवाखान्यात समदी मला हवालदारच म्हनायची.

दवाखान्यात जो पेशंट येऊन गेला त्येचा कागद आमच्या खोलीत यायचा. लाल फडक्यात बांधल्याले बस्ते, बेचाळीस रॅक, खालपास्नं छतापतोर. त्येची मांडनी माझी मी केल्याली. शिराळ्याची लोकं खिडकीपाशी, कारन शिराळ्याचा पयला बस्ता आला तवा तितंच जागा व्हती. महाबळेसरचे कागद वरच्या फळीवर, कारन ते येतानाच पावसानं वल धरून यायचे, खाली ठिवलं की वाळवी लागलीच म्हना. ह्यो हिशोब दुसऱ्या कुनाला ठावं न्हवता. ठावं असायची गरजच काय? मी व्हतो की.

येकदा शिराळ्याचा अर्जुना म्हनून येक गडी आला, पायाला जखम, अंगात ताप. डॉक्टर सुई भरायला लागला. मी दारात हुबा. मला चेहरा वळखीचा वाटला. म्हनलो, "सायब, चार मिन्टं थांबा." पळत गेलो, खिडकीपाशी हात घातला, आठ वर्साखालचा कागद काढला. वर लाल शाईनं लिवल्यालं, ह्या मानसाला पेनिसिलीन चालत न्हाई, मागच्या येळंला मरता मरता वाचलाय. डॉक्टरनं सुई खाली ठिवली. पुढल्या नागपंचमीला अर्जुना शेरभर लाह्या घिऊन आला माझ्यासाठी. छाती अशी फुगली व्हती माझी, शर्टाची गुंडी तुटंल का काय असं वाटलं.

तर सांगायचं असं, की चौऱ्याहत्तर साली दवाखान्यात नवं मोठं डॉक्टर आलं. ओगले सायब. मानूस सरळ, पन बोलायला सुरी. आले त्या आठवड्यात खोलीत येऊन चौफेर बघितलं आन्‌ म्हनले, "लालासाहेब, तुम्ही पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होणार. त्यानंतर यातला कागद कोण शोधणार?"

सायबानी येक बस्ता उचलला, धूळ झटकली, परत ठिवला.

"मग दहा वर्षांपूर्वीचं सगळं रद्दीत घालू. मला एक्सरेसाठी खोली हवी आहे."

रद्दी! माझं डोकंच फिरलं. अर्जुनाचा कागद रद्दीत? त्येच्यात शेंगा बांधून द्यायच्या का काय लोकास्नी?

तवा खोलीत माझ्यासंगट क्षमाताई व्हत्या. सांगलीच्या गावभागातल्या, रोज यष्टीनं यायच्या. दोन वर्सांपास्नं येकेका पेशंटाचं येकेक कार्ड लिवीत व्हत्या. नाव, गाव, साल, आन्‌ खाली नंबर: रॅक सात, फळी तीन, बस्ता बारा. चौतीस हजार कार्डं, नावाच्या अक्षरापरमानं लाकडी खनात लावल्याली. खरं सांगू? मला त्या कार्डांचा राग यायचा. मी हाय की, मग पुठ्ठ्याचं तुकडं कशाला? बस्त्यांवर नंबर मीच रंगवून दिलं, पन दात खातच.

ताई म्हनल्या, "सर, कार्डांवरून कुणालाही कागद सापडेल. लालासाहेब नसले तरी."

"सिद्ध करा," सायब म्हनले. "कुठलाही कागद, दहा मिनिटांच्या आत. एकदा नव्हे, दर खेपेला. शुक्रवारी मी घड्याळ घेऊन येतो. जमलं तर एक कागदही हलवणार नाही. नाहीतर सोमवारी रद्दीवाला येईल."

ते गेलं आन्‌ माझ्यातला हवालदार जागा झाला.

आता पलटनीत राहिल्याल्या मानसाला इन्स्पेक्शन म्हंजे काय ते सांगाय लागत न्हाई. कर्नल येनार म्हनलं की आदल्या दिशी बूट आरशावानी, ट्रंकंतलं चांगलं सामान वर, फाटकं खाली, आन्‌ कर्नल जितं नक्की थांबनार तितं चुना मारून ठिवायचा. तेच मी केलं. ताईनी सरावासाठी जुन्या आपरेशनच्या वहीतनं तीसभर नावं काढली व्हती. त्या तीस नावांचं बस्ते मी काढलं, झाडलं, नवी नाडी बांधली, आन्‌ परत रॅकवर न ठेवता दारापाशीच्या मोठ्या टेबलावर आन्‌ ढकलगाडीवर वळीनं मांडलं. म्हनलो, सायब बी वही बघूनच नाव सांगनार, ही वही तर समोरच पडल्याली. ह्यो समदा गुरुवारी सांजचा उद्योग, ताई सांगलीला गेल्या व्हत्या, त्येंना म्हायतच न्हाई. दुसऱ्या दिशी टेबल बघून त्या काय तरी बोलायला गेल्या, तवर सायब दारात.

सायबानी वही उघडून पयलं नाव सांगितलं. ताईनी कार्ड काढलं, मी कार्ड बघितल्यावानी केलं, आन्‌ टेबलावरनं बस्ता उचलला. दीड मिन्ट. सायबांच्या भुवया वर. मी मनात म्हनलो, बघा आता, हातच्या काकनाला आरसा कशाला!

दुसरं नाव. ह्यो माझ्या तीस नावांत न्हाई. कार्ड म्हनतंय रॅक सात, फळी तीन, बस्ता बारा. बघतो तर फळीवर भगदाड. बारा नंबरचा बस्ता कालच मी दुसऱ्याच कुनाच्या कागदासाठी काढल्याला. आता तो टेबलावर का गाडीवर, का गाडीखाली? शोध, शोध. घामानं सदरा भिजला. तेवीस मिन्टं लागली.

तिसरं नाव, दोन मिन्टं. चवथं, अठरा. मग सायबानी मुद्दाम पयलंच नाव परत सांगितलं. कागद माझ्या हाताशीच पडल्याला, अर्ध्या मिन्टात दिला. मला वाटलं, खूश व्हतील.

सायबानी घड्याळ खिशात घातलं. "दीड, तेवीस, दोन, अठरा, अर्धं. यातलं खरं कुठलं? समोर रुग्ण तडफडतोय आणि मी नशीब काढून बघू? सोमवारी सकाळी अकरा वाजता शेवटची संधी देतो. दुपारी रद्दीवाला."

ते भायेर पडलं आन्‌ ताई माझ्यावर उखडल्या. इतकी शांत पोरगी, पन डोळ्यात पानी. "लालासाहेब, कुणी सांगितलं होतं हे मांडून ठेवायला? दोन वर्षं लिहितेय मी! तुमच्या मदतीनंच घात केला."

"मदत केली ती बी चुकली व्हय?" मी बी गरजलो. "मी नसतो तर ते दीड मिन्ट तरी दिसलं असतं का?"

"तेच तर! ते दीड मिनिट तुमचं होतं. कार्डाचं नव्हतं."

मी टोपी उचलली आन्‌ घर गाठलं. करायला गेलो गनपती आन्‌ झाला मारुती, आन्‌ वर तो बी माझ्याच हातनं.

घरात मनुबाई, माझी बायकू, चुलीम्होरं बसल्याली. तिला मी समदं सांगितलं, तावातावानं, ताईची नक्कल करून. ती भाकरी थापतच ऐकत व्हती. मग म्हनली, "आवं, गेल्या साली तुमी दोन मोळ्या आनल्या, येक बाभळीची, येक निलगिरीची. कंची चांगली जळती बघाय सांगितलंसा."

"त्येचं हितं काय?"

"बाभळीवर चार भाकरी भाजल्या, मग तोच तापल्याला तवा ठिवून निलगिरी लावली. तर निलगिरीवर भाकरी भराभरा भाजली. मी म्हनलं निलगिरी लय ब्येस. तुमी गाडीभर आनलीसा, आन्‌ मग वरीसभर धूर खाल्ला आमी. निलगिरी कुटली भाजतीय, तवाच तापल्याला व्हता! तापल्या तव्यावर सरपान पारखाय जाऊ ने. तवा थंड करावा, मग दुसरी मोळी लावावी."

मी तिच्याकडं बघतच राहिलो. भाकरी करपाय लागली तरी दोघंबी बघत बसलो. मग ती म्हनली, "काय झालं? खावा की!"

दुसऱ्या दिशी शनिवार, ताई यायच्या आधी मी खोलीत. ताई आल्या, माझ्याकडं न बघता खुर्चीवर बसल्या. मी म्हनलो, "ताई, कालचं चुकलं. तवा तापल्याला व्हता." त्येंना आधी कळलंच न्हाई. मग मनुबाईचं समदं सांगितलं. त्या हसल्या, मग रडल्या, मग परत हसल्या. म्हनल्या, "काकूंना माझा नमस्कार सांगा."

दोन दिस आमी तवा थंड केला. टेबलावरचा, गाडीवरचा येकेक बस्ता आपल्या नंबरावर. टेबल पुसून रिकामं, ढकलगाडी तर मी उलटीच घालून ठिवली, कुनाला त्येच्यावर काय ठेवायची बुद्दीच व्हऊ ने. खनात पुढं-मागं झाल्याली कार्डं परत अक्षरावर लावली. मग आली माझी खिडकी. शिराळ्याचं काय बस्ते मी सवयीनं अजून खिडकीपाशीच ठिवलं व्हतं, नंबर कायबी असला तरी. अर्जुनाचा बी त्यातलाच. त्यो उचलून रॅक एकतीसला नेताना, काय सांगू, घरातलं भांडं दुसऱ्याच्या घरात दिल्यावानी झालं. पन दिलं.

रविवारी सांजच्याला समदं जागच्या जागी झालं. ताई हात झाडत म्हनल्या, "आता खोली स्वच्छ झाली."

"न्हाई," मी म्हनलो. "येक जागा राहिली."

"कुठली?"

मी टोपी काढून डोक्यावर बोट ठिवलं. "ही. हितं चौतीस हजार कागद हायती. मी आत असलो तर माझा हात कार्डाआधी जातोय. ही कशी रिकामी करनार?"

ताईना ते आधीच कळलं असनार, पन माझ्या तोंडावर बोलायचं धाडस न्हाई. मग मीच म्हनलो, "सोमवारी मी भायेर हुबा राहतो. आत असा मानूस घाला ज्येनं ही खोली कवा बघितली न्हाई. आन्‌ दर खेपेला नवा मानूस. पयल्याचं पाय बी रस्ता शिकत्यात."

हे बोललो खरं. पन रातभर ते बोलनं जिभंवर कडू लागत व्हतं.

सोमवारी अकराला सायब आलं. ताईनी रीत सांगितली. येक नाव शोधून झालं की कागद बस्त्यात, बस्ता फळीवर, कार्ड खनात, खन बंद, टेबल रिकामं. मग नवा मानूस, मगच दुसरं नाव. सायब म्हनले, "आणि लालासाहेब?"

"दाराभायेर, सायब," मी म्हनलो. सायबानी मला वरपास्नं खालपतोर बघितलं.

पयली राहीबाई. चार नंबर वार्डातली आया, चाळिशीची, रातच्या प्रौढ वर्गात दोन वर्सांखाली अक्षर शिकल्याली. सायबानी तेच नाव दिलं ज्येला शुक्रवारी तेवीस मिन्टं लागली व्हती. दार उघडंच व्हतं. मी भिंतीला पाठ लावून हुबा. कागद कुटं हाय ते मला ठावं: सात, तीन, बारा. डोळं मिटलं तरी दिसत व्हता. खन सरकल्याचा आवाज आला. मग कार्डं चाळल्याचा. मग तिचं पाय, रॅक पाचपाशी थांबलं. आगं म्होरं, म्होरं! ओठ दाताखाली धरला मी. मग तिचाच आवाज, "आवं हवालदार, ह्यो आकडा साताचा का नवाचा वो?"

गड्या, त्या घटकंला माझी काय दशा झाली ते मलाच ठावं. येक शब्द. "सात" म्हनलं की काम फत्ते, कागद वाचल, अर्जुना वाचल. सायब दारातनं माझ्याकडंच बघत व्हते. मी तोंड भिंतीकडं फिरवलं आन्‌ सावधान हुबा राहिलो. आत राहीबाई सोताशीच पुटपुटली, "नवाला शेपूट खाली आस्तंय... ह्यो सातच." मग शिडी सरकली. मग नाडी सुटल्याचा आवाज.

"साडेसात मिनिटं," सायब म्हनले.

समदं जागंवर ठिवलं. मग ज्ञानू डायव्हर. गाडीशिवाय कशाला हात न लावल्याला मानूस, ह्या खोलीचं दार बी त्येनं बघितल्यालं न्हाई. नाव दुसरं. आठ मिन्टं. परत समदं जागंवर. मग सायब म्हनले, "आता मी."

सायबानी कोट काढला, ताईला दिला, आन्‌ सोता खनापाशी गेलं. ताईनी दिल्यालं नाव व्हतं अर्जुनाचं. सायबांना त्यातलं काय ठावं न्हवतं. मी भायेर, मनात खिडकीकडं पळतोय आन्‌ मनातच सोताला वडून आनतोय, खिडकी न्हाई रं, एकतीस, एकतीस. सात मिन्टांनी सायब हातात कागद घिऊन दारात आलं. लाल शाईची वळ वाचत व्हते. दोनदा वाचली त्येंनी.

मग आत गेलं, कागद ठिवला, बस्ता बांधला, टेबल रिकामं केलं, आन्‌ ताईला म्हनले, "पुन्हा हेच नाव. आता वॉर्डातून दुसरं कुणीतरी बोलवा." नर्सबाई आल्या. सव्वासात मिन्टं.

"साडेसात, आठ, सात, सव्वासात," सायब म्हनले. "आता पटलं. शुक्रवारचं अर्धं मिनिट मला नको होतं, लालासाहेब. ही सात मिनिटं हवी होती. रद्दीवाल्याला निरोप पाठवा, येऊ नको म्हणावं." मग माझ्याकडं वळून म्हनले, "त्या बाईनं विचारलं तेव्हा तुम्ही गप्प राहिलात. अवघड गेलं असेल."

"पलटनीत ह्याच्यापरीस सोपं व्हतं, सायब," मी म्हनलो. ताई पदरानं डोळं पुसत व्हत्या आन्‌ हसत बी व्हत्या. त्या दिशी मी घरी जाताना मिरजंच्या पेठंत मनुबाईसाठी पावशेर पेढं घेतलं. जलमात पयल्यांदा.

मार्चात मी सुटलो. ताई लगीन हून सांगलीतच दुसऱ्या हापिसात गेल्या.

परवाच्या सालची गोष्ट, एकोनऐंशीची. मनुबाईला दम लागाय लागला म्हनून तिला घिऊन त्याच दवाखान्यात गेलो. खिडकीत येक चष्मेवाली नवी पोरगी. वळख न्हाई, पाळख न्हाई. ओगले सायबांची बी बदली झाल्याली. पोरगी म्हनली, "आजी आधी कधी आल्या होत्या का?"

"एकसष्ट साली," मी म्हनलो. "बाळंतपनात." त्या बाळंतपनात मनुबाईचं काय झालं व्हतं ते मी बोललो न्हाई. त्या कागदात व्हतं ते. आमचं शेवटचं पोर, वाचलं न्हाई ते, आन्‌ तिला रगत चढवताना अंगावर उठल्याल्या गांधी, कंचं रगत चालत न्हाई ते समदं त्येच्यातच लिवल्यालं. मी तो कागद अठरा वर्सांत कवा उघडला न्हाई.

पोरीनं खन वडलं. मी सवयीनं पाय आत टाकला, तर ती म्हनली, "काका, आत यायला परवानगी नाही. तिथं बाकावर बसा."

मनुबाईनं मला कोपरानं ढोसलं. "सांगा की तिला, तुमी कोन हायसा."

"गप बस," मी म्हनलो. "काय सांगू नगंस."

बाकावर बसलो. मनगटावर पलटनीतलं घड्याळ. आत खन मिटल्याचा आवाज, पायाचा आवाज, शिडीचा आवाज. पोरीला मी कोन ते ठावं न्हाई, तिला माझा रॅक, माझी खिडकी ठावं न्हाई, आन्‌ तरी तिचं पाय येकदा बी आडलं न्हाईत. मला काय वाटलं ते सांगतो, लपवत न्हाई. अर्जुनाच्या येळंला छाती फुगली व्हती, त्येच्या दुप्पट फुगली. तवा नुस्ता मी व्हतो. आता मी नसलो तरी चालत व्हतं, आन्‌ ते बी माझ्याच हातानं.

पोरगी कागद घिऊन आली, जुना, पिवळा, लाल शाईची वळ तशीच. "डॉक्टरांना हा आधी दाखवते हं," म्हनली आन्‌ लगबगीनं गेली.

मनुबाई माझ्याकडं बघून म्हनली, "किती लागली?"

"सात मिन्टं."

"आन्‌ तवा?"

"थंडगार व्हता," मी म्हनलो, आन्‌ तिचा हात हातात घिऊन डॉक्टरच्या दाराकडं निघालो.